एकसष्टावा दिवस
वजनाची शस्त्रक्रिया झालेल्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण, महाराष्ट्र राज्य
भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण आणि आरोग्यविमा कंपन्या
लठ्ठपणाच्या शस्त्रक्रिया करणारी राज्यातील सर्व सरकारी, धर्मादाय व खासगी रुग्णालये

विषय : शस्त्रक्रियेनंतर सहरुग्णांची सोबत हा उपचाराचाच भाग मानण्याबाबत

महोदय, महोदया,

आम्ही पोट लहान करून घेतलेली माणसे आहोत. आमच्यातल्या बहुतेकांची स्लीव्ह झाली आहे, म्हणजे जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवली आहे. काहींचा जठराचा बायपास झाला आहे. गल्लीत आम्हाला 'पोट कापलेले' म्हणतात. आमच्यात शाळेतल्या बाई आहेत, रिक्षावाले दादा आहेत, कारखान्यातला फिटर आहे आणि पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक काकू आहेत. त्या दिवसभर इतरांसाठी पोळ्या लाटतात आणि स्वतः अर्धी खातात. महिन्यातून एका रविवारी आम्ही एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो. वर जायला एकोणीस पायऱ्या आहेत. पूर्वी ज्यांना त्या चढता येत नव्हत्या तेच आता सर्वांत आधी येऊन खुर्च्या मांडतात.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांबद्दल आमची तक्रार नाही, हे आधीच लिहून ठेवतो. त्यांच्यामुळे आमच्यातल्या कित्येकांची इन्सुलिनची सुई सुटली, रात्री नाकावर मास्क लावून झोपणे सुटले. तक्रार आहे ती कॅलेंडरबद्दल.

रुग्णालयात दाखल होण्याआधीचे ३० दिवस आणि घरी आल्यानंतरचे ६० दिवस, एवढाच खर्च बहुतेक विमा पॉलिसी देतात. रुग्णालयाचे पॅकेजही साधारण याच बेताचे असते. या साठ दिवसांत आम्हाला सगळे सांगितले जाते. आधी पाण्याचे घोट, मग वरणाचे पाणी, ताक, मुगाचे कढण, मग खिमट आणि दीड-दोन महिन्यांनी मऊ पोळी. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत दोन तासांचे अंतर. या काळात काट्यावर रोज काही ना काही उतरलेले असते, घरचे कौतुकाने पाहतात, आहारतज्ज्ञांचा फोन येतो. शाळेच्या पहिल्या दिवसासारखे असते सगळे.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीने गळू लागतात. सहा-सात महिन्यांनी काटा एका आकड्यावर येऊन बसतो आणि तीन-तीन आठवडे हलत नाही. वर्षभराने कातडी लोंबू लागते, आणि आरशातला माणूस बारीक झाल्यासारखा दिसत नाही, म्हातारा झाल्यासारखा दिसतो. दीड वर्षाने हरवलेली भूक परत येते. ती आली हे कोणाला सांगायचीही लाज वाटते. यातली एकही गोष्ट पहिल्या साठ दिवसांत घडत नाही. मदतीचे दिवस आणि अडचणीचे दिवस एकमेकांना कुठे भेटतच नाहीत. एकसष्टाव्या दिवशी आम्हाला फोन करायला कोणी नसते. हे मागणीपत्र त्या दिवसाचे आहे.

सोबत म्हणजे नेमके काय

डॉक्टरांच्या संघटनांना वाटू शकते की या लोकांना गप्पांसाठी सरकारी अनुदान हवे आहे. म्हणून एक प्रसंग सांगतो, तोही साठ दिवसांच्या आतला.

आमच्या एका ताईंनी पाचव्या आठवड्यात, घरचे जेवताना पाहून, पोळीचा एक तुकडा नीट न चावता गिळला. तो छातीत अडकला. तोंडाला पाणी सुटले, घाम फुटला. रात्रीचे दहा वाजले होते. रुग्णालयाच्या नंबरवर 'आमच्या कामाची वेळ' ऐकू येत होती. त्यांनी गटातल्या दुसऱ्या ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "बसू नको, उभी राहा, घरातल्या घरात चाल. वरून पाणी अजिबात पिऊ नकोस, पाणी वरतीच तुंबेल. तासाभरात उतरलं नाही, किंवा थुंकीसुद्धा गिळता येईना, तर मला सांगत बसू नको, सरळ हॉस्पिटल गाठ." पाऊण तासाने तुकडा उतरला. फोन मात्र दीड तास चालला. उरलेल्या वेळात कशावर बोलणे झाले? तर नवऱ्याला सांगायचे की नाही यावर. सांगितले असते तर 'म्हणूनच म्हणत होतो, नको ते ऑपरेशन' हे ऐकावे लागले असते.

पोळी उतरवण्याची माहिती पुस्तिकेत मिळेल. नवऱ्याला काय सांगायचे हे तिच्यात नसते. ते फक्त त्या बाईला माहीत असते जिने स्वतःच्या नवऱ्याला ते सांगितलेले असते, किंवा लपवलेले असते.

आपल्याकडे खाणे ही एकट्याची गोष्ट नाही. पंगतीत आग्रह न करणारा यजमान कंजूष ठरतो आणि नाही म्हणणारा पाहुणा माजलेला. केळवणाला बोलावलेल्या आमच्या एका मुलीने तीन चमचे वरणभात खाऊन हात थांबवला, तर यजमानीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आले, 'माझं काही चुकलं का गं?' हळदीकुंकवाला गेले की बायका बांगड्यांकडे पाहतात. बांगडी कोपरापर्यंत सरकते. 'किती सुकलीस, काही दुखणं आहे का?' खेड्यात अंगावरचे मांस झपाट्याने उतरणे म्हणजे क्षय, साखर किंवा कॅन्सर, एवढेच अर्थ लोकांना ठाऊक आहेत. खरे सांगावे तर दुसरे वाक्य तयार असते : 'म्हणजे सोपा मार्ग घेतलास.' सोपा! ज्याला पाण्याचा एक पेला संपवायला एक तास लागतो त्याला हे ऐकवतात.

या प्रसंगांना तोंड देण्याच्या युक्त्या आमच्याकडे आहेत. जेवायला बसण्यापूर्वी स्वयंपाकघरात जाऊन यजमानीणबाईंच्या कानात सांगायचे. छोटी ताटली मागून घ्यायची. वाढप्याला पहिल्यांदाच हात जोडायचे, दुसऱ्यांदा जोडले तर तो मानत नाही. हॉटेलच्या बुफेत पूर्ण थाळीचे पैसे भरून दोन घास खाताना जिवावर येते, ते सोसायचे. एसटीच्या प्रवासात बायका पाणी पीत नाहीत, कारण गाडी थांबते तिथे स्वच्छतागृह नसते. पण आम्ही दिवसभर घोट घोट प्यायलो नाही तर पाण्याची तूट एकदम भरून काढता येत नाही. कोणत्या स्थानकावर जाण्याजोगी सोय आहे, याची यादी आमच्या एका सदस्येने वहीत लिहून ठेवली आहे. ही वही कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात शिकवली जात नाही.

हा मार्ग महाराष्ट्राला नवा नाही

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे नव्यांना आधार देऊ लागली, समुपदेशक म्हणून उभी राहिली. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी तिथे 'सहचरी' हा वेगळा गट आहे. पोटावर पिशवी लावून जगणाऱ्या रुग्णांकडे आधी पिशवी लागलेला माणूस जाऊन बसतो, ही पद्धतही मुंबईत जुनी आहे. लठ्ठपणा हे व्यसन आहे असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणाऱ्यांशी आम्ही पुष्कळ भांडलो आहोत. घ्यायची आहे ती फक्त रीत : ज्याने भोगले त्याला उपचाराच्या टेबलावर जागा द्यायची.

आमच्या मागण्या

पहिली मागणी शस्त्रक्रियेच्या आधीची आहे. संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी रुग्णाला किमान दोन शस्त्रक्रिया झालेल्या माणसांशी, रुग्णालयाचा कोणी कर्मचारी समोर नसताना, बोलू द्यावे. त्यातल्या एकाच्या शस्त्रक्रियेला पाच वर्षे तरी झालेली असावीत. आणि दुसरा, हे आम्ही ठळक लिहितो, वजन पुन्हा वाढलेला असावा. आज दाखवतात तो माणूस आठव्या महिन्यातला असतो. आठव्या महिन्यात प्रत्येकजण सुंदर दिसतो. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद आली. माहिती मिळण्याचा तिच्यातला हक्क या भेटीपर्यंत नेणारे परिपत्रक आरोग्य विभाग काढू शकतो. त्यासाठी विधानसभेत जावे लागणार नाही.

दुसरी मागणी पदाची. ज्या ज्या ठिकाणी ही शस्त्रक्रिया होते तिथे 'सोबती' नेमावेत. सोबती म्हणजे शस्त्रक्रियेला दोन वर्षे उलटलेला, प्रशिक्षण घेतलेला, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली काम करणारा सहरुग्ण. त्याला मानधन मिळाले पाहिजे. 'समाजसेवा म्हणून करा' हे वाक्य आम्ही फार ऐकले आहे. ते म्हणणारे स्वतः पगारी असतात. रिक्षावाले दादा एका रुग्णाला भेटायला जातात तेव्हा त्यांची दुपारची फेरी बुडते. हुरूप पेट्रोलच्या टाकीत ओतता येत नाही.

प्रशिक्षणात सर्वांत आधी शिकवावे ते 'कधी गप्प बसायचे आणि पाठवून द्यायचे'. पहिल्या काही दिवसांत ताप, पोटात कळा आणि नाडी जोरात, म्हणजे टाक्यांतून गळती असू शकते. काळी शौच म्हणजे आत व्रण होऊन रक्त जात असू शकते. सतत उलट्या होत असतील तर बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपू लागते. मग तोल जातो, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसू लागते, माणूस बरळतो. उपचाराला उशीर झाला तर मेंदूची कायमची हानी होते. अशा वेळी सलाइनमधून ग्लुकोज सोडण्याआधी थायमिन द्यावे लागते. नात्यातल्या लोकांना वाटते, उपाशी आहे, एक ग्लुकोजची बाटली लावली की उठेल. सोबत्याने गोळीचा डोस बदलायचा नाही, निदान करायचे नाही, 'मला पण व्हायचं, काही नसतं' हे वाक्य तर कधीच बोलायचे नाही. अर्धवट माहिती पसरेल, अशी भीती डॉक्टर व्यक्त करतात. अर्धवट माहिती आजही पसरतेच आहे, मामाच्या, शेजाऱ्याच्या आणि पावडर विकणाऱ्याच्या तोंडून. आम्ही म्हणतो, निदान तिला परीक्षा द्यायला लावा.

याच मुद्द्याला जोडून : प्रत्येक रुग्णाला खिशात मावेल असे मराठी कार्ड द्यावे. माझी कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणत्या वेदनाशामक गोळ्या मला चालत नाहीत, थायमिन आधी. तालुक्याच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता नेलेल्या माणसाला हे बोलता येत नसते.

तिसरी मागणी विमा नियामकांना. सप्टेंबर २०१९ मध्ये आपण लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेसाठी विमा कधी द्यायचा याची चौकट ठरवून दिली. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४० किंवा त्याहून अधिक, किंवा किमान ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह; वय १८ पूर्ण; डॉक्टरांचा सल्ला. याच यादीत आपण असेही म्हटले आहे की शस्त्रक्रियेला वैद्यकीय कार्यपद्धतीचा आधार हवा. आम्ही त्याच वाक्यावर बोट ठेवतो. जगातली कोणतीही मान्य कार्यपद्धती उघडून पाहावी. तिच्यात शस्त्रक्रिया अर्ध्या पानावर असते आणि जन्मभराचा पाठपुरावा उरलेल्या पानांवर : दरवर्षी रक्ततपासणी, बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम, आहाराचा सल्ला, मनाची तपासणी. मग कार्यपद्धतीच्या अर्ध्या पानाचे पैसे देऊन ती पाळली असे कसे म्हणता येईल? किमान पाच वर्षे वार्षिक तपासण्या, आहारतज्ज्ञ, समुपदेशन आणि सोबत्याच्या ठरावीक भेटी या विम्याखाली याव्यात. तो खर्च शस्त्रक्रियेच्या बिलापुढे किरकोळ आहे. गोळ्या परवडत नाहीत म्हणून सोडणारा माणूस दोन वर्षांनी रक्तक्षयाने दाखल होतो, तेव्हा कंपनी त्याचे बिल भरतेच.

आणि पुढे आमच्यासारखे वाढणारच आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ साली नव्या शिफारशी दिल्या, त्यांत आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचा विचार बीएमआय २७.५ पासून करावा असे म्हटले आहे. आता वजन उतरवणारी इंजेक्शने आली, शस्त्रक्रियेची गरजच संपली, असेही कोणी सांगते. २०२५ पासून ती आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांत आहेत खरी. पण इंजेक्शन थांबवले की भूक परततेच, आणि ते घेणारेही आमच्या रविवारच्या खोलीचा पत्ता विचारू लागले आहेत. त्यांच्यासाठी खुर्ची आहे.

चौथी मागणी आमच्या सर्वांत जवळची आहे, त्यामुळे तिच्यावर थोडे रेंगाळतो.

आमच्या गटात सुरुवातीला आम्ही टाळ्या वाजवत असू. प्रत्येक बैठकीत ज्याने त्याने उभे राहून किती किलो गेले ते सांगायचे, मग टाळ्या. दोन वर्षांनी लक्षात आले की काही खुर्च्या रिकाम्या राहतात. फोन केला की 'बाहेरगावी आहे', 'पाहुणे आलेत', 'पुढच्या वेळी नक्की'. एका दादांच्या घरी आम्ही न सांगता गेलो. दार त्यांच्या मुलाने उघडले, ते आत होते आणि बाहेर आलेच नाहीत. त्यांचे वजन परत चढले होते, अठरा किलो. तीन महिन्यांनी आले तेव्हा म्हणाले, "टाळ्या ऐकायला यायला लाज वाटायची." त्या दिवसापासून आमच्याकडे किलो विचारायचे नाहीत, हा नियम आहे. वाचनालयाच्या खोलीत काटा नाही.

वजन थोडे परत येणे हा गुन्हा नाही, तो या शस्त्रक्रियेचा माहीत असलेला प्रवास आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले आणि दहा वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा २५ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे काही परत आले, बरेच गेलेलेच राहिले. त्याच अभ्यासातली शस्त्रक्रिया झालेली माणसे, न झालेल्या लठ्ठ माणसांपेक्षा, सुमारे तीन वर्षे जास्त जगली. हे आकडे शस्त्रक्रियेआधी कोणी समजावून सांगत नाही. मग सात किलो वाढले की माणूस समजतो, आपणच नालायक. त्यात तपासणीला गेल्यावर 'काय हो, परत सुरू झालं का खाणं?' असे भर ओपीडीत ऐकावे लागले की तो पुढच्या वर्षी तपासणीलाच जात नाही. आणि तपासणीला न जाणारा गोळ्याही सोडतो.

म्हणून मागणी अशी : वजन वाढलेल्या रुग्णासाठी प्रत्येक केंद्रात वेगळी, ठरावीक वेळ असावी. पाठपुराव्याच्या नोंदवहीतून त्याचे नाव 'प्रतिसाद देत नाही' म्हणून कापू नये. तो आला नाही तर सोबत्याने फोन करावा, आणि त्या फोनवर पहिला प्रश्न वजनाचा नसावा. केंद्राचे यश मोजताना पाच वर्षांनी किती जण अजून संपर्कात आहेत, हा आकडा पहिल्या वर्षीच्या किलोंइतकाच मोठ्या अक्षरांत छापावा.

पाचवी मागणी मनाची. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात शस्त्रक्रिया झालेल्या ८,८१५ जणांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. स्वतःला इजा केल्यामुळे तातडीच्या विभागात येण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतरच्या तीन वर्षांत, आधीच्या तीन वर्षांच्या तुलनेत, सुमारे ५० टक्क्यांनी वाढलेले दिसले. अमेरिकेतल्या २०१२ च्या अभ्यासात दारूचा विकार असलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेआधी ७.६ टक्के होते, दुसऱ्या वर्षी ते ९.६ टक्के झाले. बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते, हे शरीरशास्त्र आहे. एका ग्लासात पूर्वीच्या दोन ग्लासांची नशा येते, आणि जेवणातले सुख हातातून गेलेले असते. आमच्यातल्या पुरुषांना हे सांगणारा पहिला माणूस डॉक्टर नव्हता, दुसरा पुरुष होता. सरकारच्या टेलिमानस १४४१६ या मदतवाहिनीवर बोलणाऱ्या समुपदेशकांना या शस्त्रक्रियेनंतरच्या मनःस्थितीची माहिती द्यावी. पलीकडून 'पण मग तुम्ही बारीक झालात ना, आनंद व्हायला हवा' असे उत्तर येऊ नये.

सहावी मागणी घराची. स्वीडनमध्येच असेही दिसले की शस्त्रक्रियेनंतर एकट्यांची लग्ने जास्त जुळतात आणि जोडप्यांची ताटातूटही जास्त होते. शरीर बदलले की घरातला तोल बदलतो. आमच्या तरुण मुलींची अडचण तर वेगळीच आहे. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते, गर्भ राहण्याची शक्यता वाढते. डॉक्टर मात्र सांगतात की साधारण १२ ते १८ महिने दिवस जाऊ देऊ नका. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. इकडे सासरी मात्र 'आता बारीक झाली, आता गोड बातमी कधी?' हे सुरू झालेले असते. हे सगळे डॉक्टरांनी नवऱ्याला सांगून भागत नाही. सासूबाईंना बोलवावे लागते, आणि त्यांच्याशी दुसऱ्या सासूबाईंनी बोलावे लागते. कुटुंबासाठी स्वतंत्र बैठक, शस्त्रक्रियेआधी एक आणि नंतरच्या वर्षात निदान दोन, ही मागणी आम्ही पुरुषांनीही एकमताने मान्य केली आहे. (त्याला वेळ लागला, हे नोंदवायला हवे.)

सातवी मागणी थोडक्यात, पण कडक. सोबती हा विक्रेता नाही. नवा रुग्ण आणून दिल्याबद्दल कोणत्याही सहरुग्णाला कमिशन, सवलत किंवा भेटवस्तू देणे बंद व्हावे. 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो जाहिरातीत वापरायचे तर शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रात दडवलेल्या एका ओळीच्या आधारावर वापरू नयेत. त्यासाठी वेगळी, केव्हाही मागे घेता येणारी संमती घ्यावी. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा संमतीबद्दल हेच सांगतो. आमच्या एका सदस्येचा 'आधी'चा फोटो शस्त्रक्रियेच्या चार वर्षांनंतरही एका फलकावर होता. तिच्या मुलाच्या शाळेच्या वाटेवर.

फोटोसारखाच आकडाही माणसाला झाकतो. २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद वजनाच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईत आल्या तेव्हा कित्येक आठवडे वर्तमानपत्रांनी त्यांच्या किलोंचा हिशेब छापला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबू धाबीत त्यांचे निधन झाले. त्यांना कोणती गाणी आवडत, त्यांचा दिवस कसा जाई, हे वाचल्याचे आमच्यात फार कोणाला आठवत नाही. आकडा मात्र सगळ्यांना पाठ आहे.

आठवी मागणी गावाकडच्यांची. ही शस्त्रक्रिया मोठ्या शहरांत होते आणि माणूस परत जातो तो परभणीला, गडचिरोलीला, सावंतवाडीला. पाठपुराव्यासाठी दर तीन महिन्यांनी रजा, गाडीभाडे आणि एक मुक्काम कोणाला झेपतो? जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस या रुग्णांसाठी ठेवावा. त्या दिवशी रक्ताचे नमुने घ्यावेत, गोळ्या द्याव्यात आणि जिल्ह्यातले सोबती हजर असावेत. सगळे साहित्य मराठीत असावे, आणि त्यात पनीर-ब्रोकोलीऐवजी मटकी, अंडे, सुकट, दही, शेंगदाणे असावेत. आम्हाला मिळालेल्या एका आहारपत्रकात 'अॅव्होकॅडो' होता. फिटर दादांनी तो काय असतो हे विचारायला भाजी मंडईत चक्कर मारली होती.

आमच्याकडून

मागणाऱ्याने स्वतः काय पाळणार तेही सांगावे. आमच्या बैठकीत कोणतीही पावडर, गोळी, रस किंवा साखळी-योजनेचे सभासदत्व विकता येणार नाही. प्रथिनांच्या पावडरीची साखळी पसरवायला आलेल्या दोघांना आम्ही यापूर्वी नमस्कार करून वाटेला लावले आहे. कोणाचे नाव, फोटो किंवा वजन खोलीबाहेर जाणार नाही. कोणालाही शस्त्रक्रिया कर असे आम्ही सांगणार नाही, आणि करू नको असेही नाही. सोबती म्हणून काम करणाऱ्याने दरवर्षी स्वतःची रक्ततपासणी केलेली असली पाहिजे. दुसऱ्याला गोळ्या घे सांगणारा स्वतः विसरतो, हे आम्हाला अनुभवाने माहीत आहे.

या मागण्यांवर चर्चेसाठी आम्हाला तीन महिन्यांच्या आत वेळ द्यावी. पहिल्या आणि सातव्या मागणीला नवा निधी जवळजवळ लागत नाही, त्यांवर परिपत्रक आधी निघू शकते. चर्चेला येताना आम्ही पाच जण येऊ. त्यांत एक असा असेल ज्याचे वजन परत वाढले आहे, आणि एक सासूबाई असतील.

बैठक शक्यतो जेवणाच्या वेळेला धरून ठेवू नये. आम्हाला एक वाटी संपवायला अर्धा तास लागतो आणि तेवढ्यात साहेबांची पुढची बैठक सुरू होते. चहा-बिस्किटांची सोय नसली तरी चालेल. पाणी मात्र टेबलावर असू द्यावे, आणि हातांच्या खुर्च्या ठेवणार असाल तर एखादी बिनहाताचीही असू द्यावी. आमच्याबरोबर येणाऱ्यांपैकी एकाची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे.

आपले,
वजनाची शस्त्रक्रिया झालेले आणि त्यांच्या घरची माणसे